हरवलेले मूल बेवारस नव्हे



संकट कोसळले की माणसाच्या अंतःकरणात दया उत्पन्न होते, हे माणुसकीचे लक्षण आहे. परंतु दयेलाही विचाराची आणि कायद्याची मर्यादा असावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भूकंप होतो, पूर येतो, युद्ध पेटते, साथ पसरते. आणि त्या गोंधळात आईचा हात सुटलेले एखादे मूल रस्त्याच्या कडेला रडत उभे राहते. त्याच्याकडे पाहून जो तो म्हणतो, "बिचारे अनाथ झाले!" या एका शब्दाविरुद्ध मला आज आपल्यापुढे फिर्याद मांडावयाची आहे. ते मूल अनाथ झाले, हे ठरविले कोणी? कोणत्या चौकशीने? कोणत्या पुराव्यावर? दोन वीत बांधाचा वाद असला तरी न्यायाधीश उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निकाल देत नाही. मग एका लेकराचे आईबाप या जगात उरले नाहीत, हा निकाल एखाद्या परोपकारी गृहस्थाने रस्त्यावर उभ्या उभ्या द्यावा काय?

शब्दाचा घोटाळा

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. कारण शब्दाच्या घोटाळ्यातूनच अन्यायाचा उगम होतो. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित व बालक या विषयांवरील संस्था आणि आणखी तीन साहाय्य संस्था, अशा सहा जणांनी मिळून २००४ साली या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत तीन प्रकार स्पष्ट वेगळे केले आहेत. ज्याचे आई व बाप दोघेही मृत झाले, ते अनाथ. जे आईबापांपासून व अन्य नातलगांपासूनही तुटले आणि ज्याच्याजवळ जबाबदार असे कोणीही प्रौढ माणूस नाही, ते एकाकी. आणि जे आईबापांपासून दुरावले, परंतु आजी, मावशी, चुलता अशा कोणा नातलगाजवळ असू शकते, ते ताटातूट झालेले. या तिन्ही मुलांची निकड एक नाही, हक्क एक नाहीत आणि त्यांच्यासाठी करावयाची कामेही एक नाहीत. तरीसुद्धा वर्तमानपत्रे, देणगीची पत्रके आणि भाषणे या तिघांना एकाच "अनाथ" शब्दाच्या पोत्यात कोंबतात.

दूरदेशीचे उदाहरण कशाला? कोरोनाच्या साथीचा काळ आपण सर्वांनी भोगला आहे. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे ठेवले. साथ सुरू झाल्यापासून ५ जून २०२१ पर्यंत निराधार म्हणून नोंदली गेलेली मुले एकंदर ३०,०७१. त्यांत महाराष्ट्रातील ७,०८४, म्हणजे देशात सर्वांत अधिक. आता या आकड्याच्या आत डोकावून पाहा. आई व बाप दोघेही गमावलेली मुले ३,६२१. टाकून दिलेली २७४. आणि आईबापांपैकी एकच गमावलेली २६,१७६! म्हणजे शंभर मुलांमागे केवळ बारा मुले खऱ्या अर्थाने अनाथ होती. उरलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या घरी आई किंवा बाप जिवंत होता. त्या आईला तगण्यास हात हवा होता. तिच्या मुलास नवी आई नको होती.

आणि त्याच दिवसांत काय चालले होते? भ्रमणध्वनीवर संदेश फिरत होते की अमुक वयाची दोन मुले आहेत, आईबाप साथीत गेले, ज्यास पाहिजे त्याने अमुक क्रमांकावर बोलावे. काही संदेशांत तर ती मुले ब्राह्मण असल्याचेही आवर्जून सांगितलेले होते! जणू बाजारात मालाची प्रत सांगावी. मृत्यूने सर्वांना एका पंक्तीस बसविले असताही जातीचे लेबल सुटले नाही, हे आपण विसरता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मधील आदेशात राज्यांना बजावले की, अशा बेकायदा दत्तकविधीस आळा घाला, आणि पीडित मुलांच्या नावावर पैसा गोळा करणाऱ्या संस्थांना रोखा. देशातील सर्वोच्च न्यायपीठाला हे सांगावे लागले, यातच रोग किती खोल गेला होता ते दिसते.

परोपकाराचा दरोडा

कोणी म्हणेल, हे तुरळक लबाडांचे कृत्य आहे. सज्जनांच्या परोपकारावर संशय का घेता? तर मग सज्जनांचाच इतिहास पाहू.

एप्रिल १९७५ मध्ये व्हिएतनामचे युद्ध संपत आले असता अमेरिकेने सायगावहून विमाने भरभरून मुले उचलली. अडीच हजारांहून अधिक मुले परदेशी नेली. ४ एप्रिल रोजी त्यांपैकी एक प्रचंड विमान कोसळले आणि कित्येक मुले दगावली. जी पोहोचली, त्यांपैकी काही सांगू लागली की आम्ही अनाथ नाही, आमची माणसे आहेत. हे ऐकून काहींनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला. परंतु सर्व मुलांच्या वतीने एकत्रित दावा न्यायालयाने पुढे चालू दिला नाही. मूल एकदा समुद्रापार गेले, नाव बदलले, भाषा विसरले, की मग न्यायालयही त्यास माघारी आणण्यास दुबळे पडते, हा या खटल्याचा धडा आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये आफ्रिकेतील चाड देशात एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना अटक झाली. दारफूरच्या युद्धातील अनाथ म्हणून ते १०३ मुले विमानाने फ्रान्सला नेत होते. जखमी दिसावीत म्हणून धडधाकट मुलांना पट्ट्या बांधल्या होत्या! आंतरराष्ट्रीय संस्थांनी मुलांना विचारून चौकशी केली, तेव्हा निघाले काय? १०३ पैकी ९१ मुले आपापल्या कुटुंबात, ज्यास ती आई किंवा बाप मानत अशा माणसाजवळ राहत होती. चाडच्या न्यायालयाने त्या लोकांना सक्तमजुरी ठोठावली. काही महिन्यांत त्यांना माफीही मिळाली.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला. अठरा दिवसही लोटले नव्हते, तो २९ जानेवारीस दहा अमेरिकन धर्मप्रचारक ३३ मुले घेऊन सीमा ओलांडू पाहत असता पकडले गेले. कागदपत्रे नव्हती, परवानगी नव्हती. त्यांनीही अनाथांचे तारणहार म्हणूनच आपली ओळख सांगितली. चौकशीअंती मुलांचे पालक जिवंत असल्याचे उघड झाले. त्या दरिद्री आईबापांना शाळेचे, खेळाच्या मैदानाचे, पोहण्याच्या तलावाचे आमिष दाखविण्यात आले होते. यास दान म्हणावयाचे की उपाशी माणसाच्या गरजेचा सौदा?

या तिन्ही प्रसंगांत चोर म्हणविणारा कोणी नव्हता. सर्वांच्या मुखी दया होती. म्हणूनच मी म्हणतो, दयेला प्रज्ञेची जोड नसेल तर ती दरोड्यास वाट मोकळी करून देते. बाबासाहेबांनी मे १९५६ मधील आपल्या बीबीसी नभोवाणीवरील भाषणात धम्माची तीन तत्त्वे सांगितली, तेव्हा करुणेच्या आधी प्रज्ञा सांगितली, हा क्रम आपण ध्यानी धरावा.

आश्रम कसे भरतात

आता या प्रश्नाचे दुसरे अंग पाहा. १९९४ साली रवांडातील नरसंहारानंतर लक्षावधी लोक शेजारच्या देशांत लोटले. एक लाखाहून अधिक मुले आपल्या माणसांपासून तुटली होती. छावण्यांत जागोजागी बालकेंद्रे उघडली गेली. तेथे अन्न होते, औषध होते. बाहेर पटकी होती आणि उपासमार होती. तेव्हा काही आयाच आपली मुले त्या केंद्रांच्या दाराशी आणून सोडू लागल्या. ज्या आईच्या झोपडीत दाणा नाही आणि आश्रमात दूध आहे, ती दुसरे काय करील? संकटाने जी ताटातूट केली नव्हती, ती मदतीने केली.

त्यातून मार्ग कोणता निघाला? नव्या इमारती बांधून नव्हे. मुलांची नोंद करून, त्यांची छायाचित्रे काढून, ती छावण्याछावण्यांतून आईबापांना दाखवून हजारो मुले पुन्हा घरी पोहोचविण्यात आली. ज्या अजाण मुलास स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, त्याच्या मुखवट्यानेच त्याची साक्ष दिली. एक नोंदवही आणि एक छायाचित्र यांनी जे साधले, ते शंभर आश्रमांना साधले नसते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हा धडा काही सरकारांनी घेतला होता. इंडोनेशियाने सोळा वर्षांखालील मुलांना आचे प्रांताबाहेर नेण्यास मनाई केली. श्रीलंकेत चिखलात सापडलेल्या एका तान्ह्या बाळावर हक्क सांगितला गेला, तेव्हा न्यायालयाने रक्ताच्या शास्त्रीय तपासणीचा हुकूम केला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाळ खऱ्या आईबापांच्या स्वाधीन झाले. ते आईबाप आठवडेच्या आठवडे तळमळले हे खरे. परंतु रडणाऱ्याकडे पाहून नव्हे, तर पुराव्याकडे पाहून मूल सोपवावे, हे तत्त्व तेथे राखले गेले.

कायदा काय सांगतो

मी वकिली करतो. माझ्याकडे येणारे लोक पुष्कळदा विचारतात की सापडलेले मूल आपण सांभाळले तर त्यात गुन्हा काय? त्यांना सांगणे प्राप्त आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे एकटे, हरवलेले किंवा टाकलेले मूल ज्यास आढळेल, त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांस, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकास, जिल्हा बाल संरक्षण कक्षास किंवा बाल कल्याण समितीस कळविले पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. कायद्याची पद्धत डावलून मूल दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. मूल विकणाऱ्यास वा विकत घेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. मुलाचे नाव व ओळख चव्हाट्यावर मांडणे हाही गुन्हाच. तेव्हा भ्रमणध्वनीवरून छायाचित्र गावभर फिरविणारा हितचिंतकही निर्दोष नाही.

मूल दत्तकास मोकळे आहे असे समितीस जाहीर करावयाचे झाले, तर आधी आईबापांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलास चार महिने अशी मुदत ठरविली आहे. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, आणि आपल्या कुटुंबात परत जाणे हा मुलाचा हक्क, अशी मूलतत्त्वे याच कायद्यात लिहिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली की, मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदविलाच पाहिजे. तेव्हा ठाण्यावर कोणी "दोन दिवस वाट पाहा" म्हणून परत पाठवू लागला, तर मान खाली घालून परतू नका. या निर्णयाचा उल्लेख करा आणि नोंदीची प्रत मागून घ्या.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे

आपण विचाराल, हे सारे खरे. परंतु नव्याने धम्म स्वीकारलेल्या आम्हा कुटुंबांस हे विशेषत्वाने का सांगता? दोन कारणांनी सांगतो.

पहिले कारण जात. त्सुनामीनंतर तामिळनाडूतील नागपट्टिनम् जिल्ह्यात दलित कुटुंबांना मदत छावण्यांतून वेगळे काढल्याच्या, पाण्यास स्पर्श करू न दिल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. समुद्राने भेद केला नाही, माणसाने केला. आता विचार करा. हरवलेल्या मुलांची नोंदवही कोठे असते? छावणीत. शोधपथक कोठे येते? छावणीत. ज्या कुटुंबास छावणीच्या बाहेर घालविले, त्याचे हरवलेले मूल कोणत्या वहीत लिहिले जाणार? म्हणजे पंक्तिभेद केवळ भाकरीपुरता राहत नाही. तो मुलापर्यंत पोहोचतो. म्हणून छावणीतील समान जागेचा आग्रह हा केवळ मानाचा आग्रह नसून आपल्या लेकरांच्या सुरक्षिततेचा आग्रह आहे.

दुसरे कारण धर्म. आपण पूर्वीचा धर्म टाकून बुद्धाचा मार्ग धरला, तो स्वतःच्या विवेकाने. तो वारसा मुलाच्या हाती देणे हा आपला अधिकार आहे. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे विसावे कलम सांगते की, कुटुंबास मुकलेल्या मुलाची सोय करताना त्याच्या धर्माचा, भाषेचा व संस्कृतीचा योग्य विचार झाला पाहिजे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे चोविसावे कलम युद्धात दुरावलेल्या मुलांबाबत हेच सांगते. पालक नेमताना अल्पवयीनाचा धर्म विचारात घ्यावा, असे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची वा पूजेची सक्ती करता येत नाही. परंतु हे सर्व अधिकार कागदावर राहतील, जर आपल्या कागदावरच मुलाचे एक नाव, बापाच्या शिधापत्रिकेवर दुसरे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर तिसराच धर्म असेल. संकटाच्या दिवशी समितीपुढे आपलेच मूल आपले म्हणून सिद्ध करता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते?

येथेच एक कठोर गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. जो नियम इतरांस, तोच आपणांस. कोणी आपल्या धम्माच्या नावाने दुसऱ्याचे हरवलेले मूल उचलून त्याचे नाव बदलील, तर तोही तितकाच अपराधी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली, ती जाणत्या माणसांनी स्वेच्छेने घेतली. आईबापांच्या नकळत केलेली संख्येची भर ही दीक्षा नव्हे. लहानांच्या असहायतेवर कोणताही धर्म वाढवू नये, मग तो आपला का असेना.

आणि ही केवळ नीतीची बाब नाही. एका समाजाची मुले बळाने दुसऱ्या समाजात घालणे, हे समाजनाशाच्या हेतूने केले गेल्यास १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने त्यास वंशसंहारात गणले आहे. युक्रेनमधील मुले बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध अटकेचा हुकूम काढला. मूल उचलणे ही गोष्ट केवढी गंभीर, ते जग यावरून जाणते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : "तुमची चौकशी होईपर्यंत मुलाने उपाशी मरावे काय?" मुळीच नाही. भूक, जखम, थंडी यांना नोंदवहीची वाट पाहण्याचे कारण नाही. ते तत्क्षणी करावे. शेजारच्या ओळखीच्या कुटुंबात, आजी-मावशीजवळ त्यास तात्पुरता आसराही द्यावा आणि समितीस कळवावे. परंतु तात्पुरता आसरा ही एक गोष्ट आणि कायमची मालकी ही दुसरी. बुडत्यास हात दिला म्हणून त्याचे घर आपले होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विषारी आहे : "दरिद्री आईबापांजवळ राहून त्या मुलाचे काय कल्याण होणार? आश्रमात निदान शिकेल तरी." वाचकहो, या युक्तिवादाची धार कोणाच्या गळ्यावर येते ते पाहा. दारिद्र्य हे आईपण हिरावून घेण्यास पुरेसे कारण असेल, तर आपल्या मागच्या दहा पिढ्यांतील एकाही आईस आपले मूल जवळ ठेवण्याचा अधिकार नव्हता! संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मान्य केलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक सूत्रे स्वच्छ सांगतात की, केवळ गरिबीच्या कारणावरून मूल कुटुंबापासून तोडू नये; ती गरिबी म्हणजे त्या कुटुंबास मदत देण्याची हाक समजावी. आश्रमात एका मुलावर जो खर्च करावयाचा, तो आईच्या हाती का देऊ नये? महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे ती याच तत्त्वावर. तिचा अर्ज भरा, भरवून घ्या, अडविणाऱ्यास जाब विचारा.

आपण काय करावे

रडून किंवा रागावून हा प्रश्न सुटणार नाही. पुढील कामे प्रत्येक घराने या महिन्यात करावीत.

मूल जन्मले की एकवीस दिवसांत जन्मनोंद करावी आणि दाखला घ्यावा. आईबाप व मुले यांची नावे सर्व कागदांवर सारखी करून घ्यावीत. नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीचा पुरावा जवळ ठेवावा. मुलाचे दरवर्षीचे छायाचित्र आणि दाखल्यांच्या प्रती परगावच्या एका नातलगाकडे ठेवाव्यात, म्हणजे घर वाहून गेले तरी पुरावा वाहून जाणार नाही. चार वर्षांच्या मुलास स्वतःचे पूर्ण नाव, आईचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा पाठ असावा. "माझ्या आईचे नाव आई" असे सांगणाऱ्या मुलाचा शोध घेणे फार कठीण असते.

चौथ्या जिनिव्हा कराराने बारा वर्षांखालील मुलांच्या अंगावर ओळखपट्टी असावी, अशी व्यवस्था सुचविली आहे. ती केवळ युद्धासाठीच कशास? दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जमतो. त्या गर्दीत मुलाच्या खिशात नाव, गाव व संपर्क क्रमांकाची चिठ्ठी शिवून द्यावी. जे शांततेत अंगवळणी पडते, तेच संकटात उपयोगी येते.

आणि कोणाचे हरवलेले मूल आपणांस सापडले, तर ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे विचारू नका. ते कोठे, केव्हा, कोणत्या कपड्यांत सापडले, सोबत कोण होते, काय बोलले, हे लगेच लिहून काढा. कपडे, बांगडी, गळ्यातला दोरा फेकू नका. आई त्यावरूनच ओळखते. भावंडे असल्यास एकत्र ठेवा. नाव बदलू नका. "मी याचा मामा" म्हणून पुढे येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती मूल देऊ नका. चोवीस तासांच्या आत समितीस कळवा, आणि पुढे काय झाले याचा पाठपुरावा करा.

प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील कुटुंबांची एक वही ठेवावी : घरात माणसे किती, मुले किती, त्यांची वये काय, संकटात कोणाकडे जावयाचे. ती वही एका जबाबदार माणसाच्या कुलपात असावी. गरज पडेल तेव्हा ती बाल कल्याण समितीस दाखवावी, इतर कोणास नव्हे. या कामास देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. एक शाईची लेखणी आणि अक्षर ओळखणारा एक माणूस पुरे. ज्या समाजास शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्याने आपल्या मुलांच्या रक्षणासाठी प्रथम अक्षराचाच आधार घ्यावा, यात औचित्यच आहे.

पुढचा पूर केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. त्या पुरात सुटलेला हात पुन्हा आईच्या हातात पडेल की परक्याच्या, हे मात्र पुष्कळसे आपल्या आजच्या दक्षतेवर अवलंबून आहे. कोणी कितीही गोड शब्दांत आपल्या मुलास अनाथ म्हणो, त्यास एकच उत्तर द्या : पुरावा दाखव.